शाळेच्या टाकीचं पाणी: आरओ घ्यावा की आधी क्लोरिन नीट करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जत तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. उन्हाळ्यात टँकर, एरवी विहीर. दोन्हीचं पाणी शाळेच्या एकाच टाकीत पडतं. पाऊस लागला की पहिली-दुसरीची पोरं जुलाबाने गळून जातात. ज्यांच्या घरी वीस लिटरचा जार येतो ती पोरं बाटली आणतात, ऊसतोड मजुरांची पोरं नळालाच तोंड लावतात. जास्त आजारी तीच पडतात. स्वच्छतागृह धड नाही म्हणून मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग लघवीला जळजळ आणि डोकेदुखी. माझी मुलगी त्यांतलीच.

टाकीत वाकून पाहिलं तर तळाला बोटभर गाळ, झाकणाला तडा. आरोग्यसेविकाताईंनी ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन उरलंय का ते पाहायची; असेल तर पाणी पिवळं होतं) करून दाखवली. विहिरीजवळच्या नळाचं पाणी पिवळं झालं, शाळेच्या नळाचं तसंच पांढरं राहिलं. म्हणजे टीसीएल (क्लोरिनची पावडर) पडतंय, पण शाळेपर्यंत क्लोरिन उरत नाही. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम तरी हवा.

आता मुंबईला असलेले एक गाववाले आरओ द्यायला तयार आहेत. गाव खूश आहे, माझं मन मात्र घेत नाही. निम्म्याहून जास्त पाणी वाया जाणार, ते टँकरच्या गावाला कसं परवडायचं? फिल्टर बदलायला दरवर्षी पैसे कोण देणार? आणि गाळलेलं पाणी पुन्हा उघड्या पिंपात ठेवलं, पोरांनी हात घातला, की संपलंच सगळं.

पण एक धास्ती आहे. विहिरीभोवती द्राक्षबागा आहेत, खत भरपूर पडतं. त्या खतातलं नायट्रेट पाण्यात उतरून लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते क्लोरिनने जात नाही आणि पाणी उकळलं तर उलट दाट होतं. शेजारीच अंगणवाडी आहे. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना त्याचा सगळ्यात जास्त धोका.

म्हणून विचारते: नायट्रेट-फ्लोराइडसाठी ग्रामपंचायतीच्या किटवर भागेल, की नमुना प्रयोगशाळेतच द्यावा? बाटली कशी भरायची, किती वेळात पोचवायची? कुणाच्या शाळेत थेट टाकीतच टीसीएल टाकतात का (हजार लिटरला 5 ग्रॅम, मग अर्धा तास थांबायचं असं ताई म्हणाल्या)? पोरं वासामुळे पाणी टाळतात का?

आणि टाकी, झाकण, मुलींचं स्वच्छतागृह हे वित्त आयोगाच्या बंधित निधीतून (ग्रामपंचायतीला पाणी-स्वच्छतेसाठीच मिळणारे पैसे) कुणी करून घेतलं असेल, तर ग्रामसभेच्या ठरावाचा मजकूर इथे टाकाल का? ग्रामसभा जवळ आली आहे.