ब्लॉगरवरचा २००६-२०११ मधला किल्ल्यांचा ब्लॉग कसा वाचवायचा?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या आमच्या भटक्यांच्या गटाचा ब्लॉगरवर एक ब्लॉग आहे. २००६ ते २०११ या काळातल्या नोंदी आहेत: हरिहर, अंजनेरी, रामशेज, साल्हेर, त्र्यंबकची ब्रह्मगिरी. वाटा, पाण्याची टाकी, मुक्कामाच्या जागा असा कामाचा मजकूर आहे आणि खाली गावकऱ्यांनी, इतर गिर्यारोहकांनी दिलेल्या दुरुस्त्या आहेत. तो जपायचा आहे.

अडचणी अशा. सुरुवातीच्या काही नोंदी मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दाखवतात. काही फोटो उघडतात, काहींच्या जागी रिकामी चौकट येते. लोकांनी इतरत्र दिलेले ब्लॉगस्पॉट डॉट इनचे दुवे उघडत नाहीत. ई-मेलनं नोंदी मिळणारे वाचक तुटले. शिवाय ऑर्कुटवर आमची कम्युनिटी होती, तिथली चर्चा कुठे मिळेल का? लॉगिन एकाच सदस्याकडे आहे, पण चालू आहे. सगळं वर्डप्रेसवर हलवावं असं काहींचं म्हणणं आहे. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ

हलवाहलव बाजूला ठेवा. आधी लॉगिनचं बघा, कारण पूर्ण ब्लॉग एका खात्यावर लटकलेला आहे. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरण गुगलनं डिसेंबर २०२३ पासून लागू केलं आहे. सेटिंग्जमध्ये 'परमिशन्स'खाली आणखी लेखकांना बोलावण्याची सोय आहे, तिथून दोन विश्वासू सदस्यांना बोलवा. आमंत्रण स्वीकारलं की ते फक्त 'ऑथर' होतात. तिथेच त्यांची भूमिका बदलून 'ॲडमिन' करावी लागते, नाहीतर मूळ खातं गेल्यावर त्यांना सेटिंग्ज दिसणारच नाहीत. ही पायरी बहुतेक जण अर्धी सोडतात.

मग बॅकअप. 'मॅनेज ब्लॉग'खालच्या 'बॅक अप कंटेंट'वरून जा किंवा थेट गुगल टेकआउट (गुगलवरचा आपला मजकूर उतरवून घेण्याची सोय) उघडा, सगळ्या खुणा काढा आणि फक्त ब्लॉगर निवडा. हाती येणाऱ्या फाइलमध्ये नोंदी, पानं आणि ब्लॉगरच्या स्वतःच्या सोयीतून आलेल्या प्रतिक्रिया असतात. टेम्प्लेटचा, म्हणजे ब्लॉगच्या मांडणीचा, बॅकअप 'थीम'मधून वेगळा घेऊन ठेवा. उतरवलेली फाइल नोटपॅड प्लस प्लससारख्या साध्या एडिटरमध्ये उघडून सगळ्यात जुन्या नोंदीचं शीर्षक आणि सगळ्यात शेवटची प्रतिक्रिया शोधा. दोन्ही सापडल्या तरच बॅकअप झाला असं समजा. वर्डमध्ये उघडून सेव्ह करू नका, फाइलची रचना बिघडते.

फोटो मात्र त्या फाइलमध्ये नसतात, नुसते त्यांचे पत्ते असतात. फाइल काही एमबींचीच निघाली तर त्याचं कारण हेच. जे फोटो ब्लॉगरमधून चढवले होते ते गुगलच्या सर्व्हरवर आहेत आणि गुगलची जुनी फोटो-सेवा पिकासा वेब अल्बम बंद झाल्यावरही दिसत राहिले. त्यांच्या पत्त्यात मधेच 'एस ३२०' किंवा 'एस ४००' असा तुकडा असतो, तो आकार सांगतो. त्या जागी 'एस ०' टाकलं की साठवलेला सगळ्यात मोठा आकार मिळतो. उतरवायचा तो हाच, लहान नाही. जुन्या नोंदींत फोटोवर टिचकी मारल्यावर जो दुवा उघडतो त्यात 'एस १६००-एच' असं असतं. तो 'एच' असेल तर मिळतं ते फोटो दाखवणारं वेबपान, फोटोची फाइल नव्हे. शेकडो फोटो प्रोग्रॅमनं उतरवताना हे लक्षात आलं नाही तर फोल्डर जेपीजी नावाच्या वेबपानांनी भरतं आणि एकही चित्र उघडत नाही.

रिकाम्या चौकटी बहुधा बाहेरच्या सेवांवर ठेवलेल्या फोटोंच्या असतील. चौकटीवर उजवी टिचकी मारून पत्ता बघा. जिओसिटीज ही फुकट वेबजागा देणारी सेवा असेल तर ती ऑक्टोबर २००९ मध्येच बंद झाली. असे फोटो वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणारा संग्रह) शोधायचे, आणि तिथे नोंदीचा पत्ता टाकून भागलं नाही तर थेट फोटोचा पत्ता टाकायचा. पान जतन झालेलं नसतानाही चित्र कधीकधी सापडतं.

देवळालीकर

डॉट इनचं कोडं सोपं आहे. २०१२ पासून भारतातल्या वाचकांना ब्लॉगर आपोआप ब्लॉगस्पॉट डॉट इनवर नेत असे, म्हणून लोकांनी तेच पत्ते कॉपी केले. ते वळवणं २०१८ मध्ये थांबलं आणि २०२० मध्ये ते डोमेनच गुगलच्या हातातून गेलं. तुमच्या नोंदी डॉट कॉमवर जशाच्या तशा आहेत. तुमच्याच जुन्या नोंदींमधले आपसातले दुवे 'इन'चे असतील तर ते आधी बदला. आणि वेबॅक मशीनमध्ये शोधताना दोन्ही पत्ते टाकून पाहा, डॉट इनखाली वेगळ्या तारखांच्या प्रती असू शकतात.

ई-मेल वर्गणी गुगलच्याच फीडबर्नर सेवेची असणार. गुगलनं ती सोय जुलै २०२१ पासून काढली. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये पोस्ट फीड रीडायरेक्टचा रकाना रिकामा करा, म्हणजे ब्लॉगची मूळ फीड (नव्या नोंदींची आपोआप बनणारी यादी) परत थेट मिळते. तिचा पत्ता ब्लॉगच्या पत्त्यापुढे स्लॅश, फीड्स, स्लॅश, पोस्ट्स, स्लॅश, डिफॉल्ट असा. प्रतिक्रियांची फीड वेगळी: पोस्ट्सच्या जागी कॉमेंट्स. अशा फीड वाचण्याचा गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, पण तेव्हा कोणी आपली यादी टेकआउटमधून उतरवली असेल तर त्यातली सबस्क्रिप्शन्स नावाची फाइल आजच्या फीडली किंवा इनोरीडरमध्ये सरळ चढते. त्या काळातले आणखी कोणकोणते मराठी ब्लॉग तुमचे लोक वाचत होते ते त्या यादीतून कळेल.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. त्यानंतर टेकआउटनं आपापला माल काढायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. सार्वजनिक कम्युनिटींचा संग्रहही काही काळ होता, आता नाही. म्हणून गटातल्या प्रत्येकाला जुन्या हार्डडिस्कवर, सीडींवर टेकआउटची झिप शोधायला सांगा. तेवढाच मार्ग उरतो.

एक विचारायचं राहिलं: प्रतिक्रिया ब्लॉगरच्याच आहेत ना? त्या काळी बरेच जण हॅलोस्कॅन या बाहेरच्या प्रतिक्रिया-सेवेचा तुकडा टेम्प्लेटमध्ये चिकटवत. त्या प्रतिक्रिया ब्लॉगरकडे कधी आल्याच नाहीत, त्यामुळे बॅकअपमध्येही येणार नाहीत.

सातपूरकर

प्रतिक्रिया ब्लॉगरच्याच आहेत, शेवटची प्रतिक्रिया फाइलमध्ये सापडली. दोन नवे ॲडमिन झाले.

गोंधळलेल्या नोंदी एचटीएमएल दृश्यात उघडून पाहिल्या. काहींत 'फाँट फेस' आणि पुढे 'शिवाजी ०१' असं आहे. दोन नोंदींत तसं काही नाही, पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' सतत येतो. एकीत नुसती प्रश्नचिन्हं आहेत. हे तीनही एकाच उपायानं सुटेल का?

कळफलक

नाही, हे तीन वेगळे आजार आहेत.

तिरक्या रेघेचा 'ए' दर तिसऱ्या चिन्हाला येत असेल तर आनंद माना. तो मजकूर युनिकोडच, म्हणजे आजच्या सार्वत्रिक लिपीसंकेतातलाच आहे. यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिली बाइट कायम तीच असते. कुठल्यातरी टप्प्यावर ते तीन बाइट तीन पाश्चात्य अक्षरं म्हणून वाचले गेले. मजकूर नोटपॅड प्लस प्लसमध्ये चिकटवा, एन्कोडिंग मेनूतून फाइल एएनएसआय या जुन्या पाश्चात्य पद्धतीत रूपांतरित करा आणि मग त्याच मेनूतून यूटीएफ-८ म्हणून वाचायला सांगा. 'रूपांतर करा' आणि 'म्हणून वाचा' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, क्रम उलटा झाला तर काहीच बदलत नाही.

प्रश्नचिन्हांत मूळ अक्षर उरलेलंच नसतं. ती नोंद वेबॅकमधून किंवा तेव्हा ई-मेलनं गेलेल्या प्रतीतूनच मिळेल. जुन्या वर्गणीदारांना मेलबॉक्समध्ये शोधायला सांगा, हा मार्ग अनेकदा लागू पडतो.

शिवाजी ०१ चं काम वेळखाऊ आहे. त्या फाँटमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं, फाँट फक्त त्यांना मराठी आकार चढवतो. तो फाँट आधी आपल्या संगणकावर बसवा, नोंद मूळ रूपात दिसू लागली की पीडीएफ काढून ठेवा. पुढची तपासणी त्या पीडीएफवरून करायची. मग बरोबर शिवाजीसाठीच बनवलेला परिवर्तक (जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) वापरा. कृतिदेव किंवा किरणचा चालत नाही, प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. नोंदीत मधेच खरे इंग्रजी शब्द असतील तर ते बाजूला काढा, नाहीतर परिवर्तक त्यांचीही मराठी अक्षरं करून टाकतो.

चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचं उलटं: फाँटमध्ये नंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून तुमच्याच नोंदींतले शब्द तपासणीला घ्या. 'नाशिक'मध्ये वेलांटी कळते, 'हर्षगड' आणि 'हर्षेवाडी'त रफार, 'त्र्यंबक'मध्ये तिहेरी जोडाक्षर, 'सप्तशृंगी'त शृ आणि 'ब्रह्मगिरी'त ह्म. एवढे शब्द नीट आले तर बाकीचा मजकूर बहुतेक नीट असतो. आकडे मात्र प्रत्येक वेळी पीडीएफशी ताडून बघा. साल्हेर १५६७ मीटर आहे, तिथे एक अंक बदलला तर वाचणाऱ्याला चूक कळणार नाही.

आता ज्या नोंदी दिसायला ठीक आहेत, त्यांतही एक लपलेली अडचण आहे. 'दऱ्या', 'पायऱ्या' यांतला अर्धा र तेव्हा अनेक टंकनपद्धती र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे असा लिहीत. आजचे कळफलक साधारणपणे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतात. दिसायला दोन्ही सारखे, पण 'हरिहरच्या पायऱ्या' शोधलं तर जुनी नोंद सापडत नाही. तसंच 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या नोंदींत ते अ, झेडडब्ल्यूजे आणि चंद्र असं जोडून लिहिलेलं असतं.

बदलाचा क्रम पाळा. आधी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. मग अ, झेडडब्ल्यूजे, चंद्र यांच्या जागी ॲ. उरलेले झेडडब्ल्यूजे हात न लावता राहू द्या. सफाई म्हणून आधीच सगळे झेडडब्ल्यूजे सरसकट पुसले तर 'दऱ्या'चं 'दर्या' होतं आणि सह्याद्रीत समुद्र येतो. बदल बॅकअपच्या प्रतीत करा, एक खाजगी चाचणी ब्लॉग काढून 'इम्पोर्ट कंटेंट'नं ती फाइल तिथे चढवा आणि आपोआप प्रकाशित करण्याची खूण काढून ठेवा. तिथे सगळं नीट दिसलं की मूळ ब्लॉगमधल्या नोंदी एकेक उघडून दुरुस्त करा. हे कंटाळवाणं आहे, पण नोंदीचा पत्ता आणि तिच्याखालच्या प्रतिक्रिया जागच्या जागी राहतात.

तपोवन

वर्डप्रेसबद्दल. माझं मत: सध्या हलू नका. ब्लॉगस्पॉटचा फुकट पत्ता सोडला की तिथून नव्या जागी कायमचं वळवण्याची सोय ब्लॉगर देत नाही. सेटिंग्जमधले 'कस्टम रीडायरेक्ट्स' त्याच ब्लॉगच्या आतल्या आत चालतात. स्वतःचं डोमेन जोडलं तर ब्लॉगस्पॉटचे जुने दुवे आपोआप तिकडे वळतात आणि पुढे त्याच डोमेनखाली वर्डप्रेस लावता येतं. पण डोमेनचं दरवर्षी नूतनीकरण लागतं. ते करणारी ठरलेली व्यक्ती गटात नसेल तर डॉट इनचं जे झालं तेच तुमचं होईल.

पुढे कधी हललात तर पत्त्यांची पंचाईत आधी समजून घ्या. शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर ब्लॉगर पत्त्यात त्यातलं काहीच घेत नाही, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा टाकतो. वर्डप्रेस उलट देवनागरी घेतं, पण प्रत्येक चिन्हाचे टक्के-चिन्हासह नऊ वर्ण होतात आणि पत्त्याच्या त्या भागाला २०० वर्णांची मर्यादा आहे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, काना-वेलांटी धरून. लांब शीर्षक मधेच कापलं जातं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं की आकड्यांची लांबलचक माळ दिसते. दोन्हीकडे उपाय एकच: नवी नोंद प्रकाशित करण्याआधी 'पर्मालिंक'च्या रकान्यात रोमन लिपीत दोन-तीन शब्द हातानं लिहा. प्रकाशित नोंदींचे पत्ते आता बदलू नका.

टेम्प्लेटमधले जुने हिट काउंटर, चॅटबॉक्स, घड्याळं आजच काढा. त्यांची मूळ डोमेन गेलेली असली तर ती घेणारा कोणीही तुमच्या पानावर स्वतःची स्क्रिप्ट चालवू शकतो, आणि वाचक भलत्याच जाहिरातीवर जातो.

आणि किल्ल्यांच्या नोंदींपुरतं एक. जुना मजकूर आजच्या माहितीनं बदलू नका. तारीख ठळक दाखवा आणि वाट किंवा टाक्यातलं पाणी बदललं असेल तर नोंदीच्या वर तारखेसह एक ओळ जोडा. प्रतिक्रियांतल्या दुरुस्त्या जुन्या मजकुराला धरून आहेत, तो बदलला तर कोणी काय सुधारलं तेच कळणार नाही.