रेड डेड रिडेम्प्शन 2 माझ्या लॅपटॉपवर चालेल का?

कोथरूडकर: नमस्कार मंडळी. आमच्याकडे 2018 साली घेतलेला लॅपटॉप आहे: कोअर आय5-8250यू प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि 2 जीबीचे एमएक्स150 ग्राफिक्स. धाकट्या भावाला उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ खेळायचा आहे. किमान अटींमध्ये आय5-2500के, 8 जीबी रॅम आणि 2 जीबीचे जीटीएक्स 770 असे दिले आहे, म्हणजे कागदावर सगळे जुळते. तरीही पैसे भरण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

पेठेतला: ग्राफिक्सच्या बाबतीत जुळतो तो फक्त मेमरीचा आकडा, आणि कार्डाची ताकद त्यावरून ठरत नाही. जीटीएक्स 770 हे 2013 सालचे असले, तरी ते 1536 कोअरचे (कोअर म्हणजे चिपमधले आकडेमोड करणारे छोटे भाग) आणि 256 बिट मेमरी बसचे (बस म्हणजे चिप आणि मेमरीमधला डेटाचा मार्ग) डेस्कटॉप कार्ड आहे. एमएक्स150 त्यानंतर चार वर्षांनी आले, पण ते पातळ लॅपटॉपसाठी कमी विजेवर चालावे म्हणून बनवलेले, 384 कोअरचे आणि 64 बिट बसचे आहे. नव्या पिढीचे कोअर अधिक कार्यक्षम असतात हे खरे, परंतु एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. प्रोसेसर पुरेसा आहे; मात्र नावातला ‘यू’ कमी विजेचा असल्याने एप्रिल-मेच्या उकाड्यात लॅपटॉप तापला की त्याचा वेग उतरतो. डिस्कवर 150 जीबी जागा मोकळी लागेल. शिवाय टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरीवर क्लिक करून ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. तेथे ‘1 ऑफ 2’ असेल, तर आणखी एक 8 जीबीची रॅमची स्टिक बसवता येईल.

हडपसरकर: माझ्या चुलतभावाकडे याच ग्राफिक्सचा लॅपटॉप आहे. 1280 बाय 720 आणि सर्व सेटिंग ‘लो’ ठेवल्यावर गेम चालतो, पण गेममधल्या सेंट डेनिस शहरात शिरताच अडखळतो. स्टीम या ऑनलाइन गेम दुकानावर खरेदीपासून 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. मात्र सुरुवातीचा भाग ओसाड बर्फाळ डोंगरात घडत असल्याने तेवढ्यावरून अंदाज बांधू नका. ग्राफिक्स सेटिंगमध्ये बेंचमार्क, म्हणजे गेम किती वेगाने चालतो हे मोजणारी चाचणी दिलेली आहे, ती आधी चालवा.

कोथरूडकर: दोघांचेही आभार. स्लॉट ‘1 ऑफ 2’ दिसतो आहे. शनिवारी टिळक रस्त्यावरून डीडीआर4 स्टिक आणतो, आणि गेम घेतल्यावर सर्वप्रथम बेंचमार्क चालवून येथे आकडे देतो.