पाडव्याला गाडी घेऊन टॅक्स वाचवणाऱ्यांनो, जरा थांबा

कच्चीवही (७ मार्च २०२५)
आमच्या व्यापारी ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. "३१ मार्चच्या आत हे पाच खर्च करा आणि हजारोंचा टॅक्स वाचवा." गाडी घ्या, लॅपटॉप घ्या, पुढच्या वर्षाचं भाडं आगाऊ भरा, बायकोला पगार दाखवा, स्टाफला भेटी वाटा. शेवटी तळटीप: "यंदा पाडवा ३० मार्चलाच, मुहूर्तही साधा आणि डेप्रिसिएशनही!" खाली चाळीस अंगठे. मी लांबलचक उत्तर लिहिलं, ॲडमिनने उडवलं. त्याच्या मेव्हण्याची गाड्यांची एजन्सी आहे. म्हणून इथे लिहितोय.

अहो, लाख रुपये खर्च केले तर ३० टक्क्यांच्या स्लॅबवाल्याचे सेस धरून ३१,२०० वाचतात. उरलेले ६८,८०० गेले ते कुणाच्या खिशातून? आणि लाखाची वजावट तरी पूर्ण कुठे मिळते? गाडीवर डेप्रिसिएशन, म्हणजे घसाऱ्यापोटी दर वर्षी थोडी थोडी मिळणारी वजावट, १५ टक्के, १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मं. दहा लाखांच्या गाडीवर यंदा पंचाहत्तर हजारांची वजावट, म्हणजे टॅक्स वाचला २३,४००. त्यात कर्जाचे दोन हप्तेही निघत नाहीत.

सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. त्या ग्रुपातले निम्मे लोक आयकराच्या कलम ४४ एडीखाली, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक नफ्याच्या पद्धतीने, रिटर्न भरतात. उलाढालीच्या सहा किंवा आठ टक्के नफा धरायचा, विषय संपला. खर्च त्यात आलेच, डेप्रिसिएशनही आलं. या मंडळींनी विमान घेतलं तरी टॅक्स एका रुपयाने कमी होणार नाही.

मार्चमध्ये काम एकच उरतं. आपला आकडा किती बसतोय ते काढा आणि १५ तारखेच्या आत ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच भरायचा टॅक्स, भरा. बाकीचं प्लॅनिंग दसरा-दिवाळीपर्यंत व्हायला हवं होतं.

लेथवाला भोसरी
वा! दिवाळीपर्यंत प्लॅनिंग! पगारदार माणसाने लिहिल्यासारखं वाटतंय. आमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत नफा होईल की तोटा हेच कळत नाही, कारण वर्षभर अडकलेली बिलं मार्चमध्ये सुटतात. तेव्हा हातात पैसा दिसतो, म्हणून तेव्हाच खरेदी होते. आणि तुमचाच हिशोब उलटा वाचा. दोन दिवस वापरून अर्ध्या वर्षाचं डेप्रिसिएशन मिळतंय की! गाडी एप्रिलमध्ये घ्यायचीच असेल तर मार्चमध्ये घेण्यात तोटा काय?

कच्चीवही
घ्यायचीच असेल तर काही तोटा नाही. एवढं मान्य. पण त्या पोस्टमध्ये "घ्यायचीच असेल तर" हे शब्द कुठे आहेत ते दाखवा. आणि मी पगारदार नाही, हार्डवेअरचं दुकान आहे, एकोणीस वर्षं.

पिशवीग्रस्त सीए
एक दुरुस्ती. नुसती घेऊन भागत नाही, ३१ तारखेच्या आत वापरात यायला हवी. माझ्या एका क्लायंटने मागच्या वर्षी २७ मार्चला मशीन आणलं. बिल मार्चचं, पेमेंट मार्चचं, सगळं चोख. मी ऑडिटला गेलो तर फाइलमध्ये इन्स्टॉलेशन रिपोर्ट १२ एप्रिलचा. थ्री-फेजचं कनेक्शनच मिळालं नव्हतं, मशीन प्लास्टिकसकट खोक्यात पडून होतं. गृहस्थ म्हणतात, "रिपोर्टवरची तारीख तेवढी बदलून टाका ना." तेवढी!

बाकी माझं दुःख वेगळंच आहे. वर्षभर फोन नाही. ३० मार्चला रात्री साडेनऊला, "साहेब, काही करता येईल का?" आणि जुलैच्या शेवटी कॅरीबॅगमध्ये बिलं कोंबून आणतात. गेल्या वर्षी एका पिशवीत लाइटबिलांबरोबर मुलीच्या लग्नाच्या मांडवाचं बिल निघालं. वर पेनने लिहिलेलं, "बिझनेस प्रमोशन". फी मागितली की मात्र, "एवढंसंच तर काम आहे."

लेथवाला भोसरी
फी घेता ना? मग मार्चमध्ये तुम्हीच फोन का करत नाही? आमचे सीए फक्त बिल पाठवायला फोन करतात.

पिशवीग्रस्त सीए
डिसेंबरपासून तीनदा मेसेज टाकला, "अंदाजे आकडे पाठवा." दीडशे जणांना. उत्तरं आली नऊ, त्यातली चार "गुड मॉर्निंग".

टॅली अकरा वर्षं
मूळ पोस्टमधल्या "बायकोला पगार दाखवा" वर कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. दाखवा म्हणजे काय? द्या! नवऱ्याच्या दुकानाचे हिशोब, जीएसटी, वसुलीचे फोन, अकरा वर्षं मी करतेय. दर मार्चला हे "बायकोच्या नावावर" सुरू होतं आणि एप्रिलमध्ये मी परत "घरीच असते". यंदा मी महिन्याचे वीस हजार बँकेतून घेतले, एप्रिलपासून, दर महिन्याला. घरात दोन आठवडे अबोला होता.

कच्चीवही
ताई, रोख तुमच्यावर नव्हता. ३१ मार्चला एकरकमी एंट्री टाकणाऱ्यांवर होता.

टॅली अकरा वर्षं
रोख माझ्यावर कधीच नसतो, तोच तर प्रॉब्लेम आहे.

पिशवीग्रस्त सीए
ताई, दर महिन्याला बँकेतून, हे उत्तम. पण कलम ६४ लक्षात असू द्या. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला मिळालेला पगार परत नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. सुटका एकच, तो पगार तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान-अनुभवाचा असला तर. तुमचं शिक्षण?

टॅली अकरा वर्षं
बी.कॉम. आणि अकरा वर्षं जीएसटी रिटर्न भरतेय. म्हणजे मी काम केलं हे मी सिद्ध करायचं, आणि त्या लग्नाच्या मांडवाला प्रमोशन म्हणणाऱ्याने काही नाही?

पिशवीग्रस्त सीए
मांडव मी घेतला नाही हो. तुमची बाजू भक्कम आहे. कामाचं नेमणूकपत्र तेवढं करून ठेवा. मात्र दुकान ४४ एडीत असेल तर या पगाराची वजावट मुळातच नाही.

लेथवाला भोसरी
हे सगळं ठीक आहे. खरा विषय कुणी काढत नाही, मी काढतो. ४५ दिवस. आयकराचं कलम ४३ बी (एच). सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट वेळेत केलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी मिळणार नाही. आम्ही पेढे वाटले होते. प्रत्यक्षात काय झालं? उद्यम म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. एका मोठ्या कंपनीच्या पर्चेसवाल्याचा फोन: "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे? असेल तर बोलू नका, नसेल तर काढू नका." माझी अकरा लाखांची बिलं नोव्हेंबरपासून पडून आहेत. थकलेल्या बिलांसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करा म्हणतात. केली एकाने आमच्या गाळ्यांच्या लाइनमध्ये. पैसे मिळायचे तेव्हा मिळतील, ऑर्डर दुसऱ्या दिवशी बंद झाली.

सूतगाठ इचलकरंजी
आता आमचीही ऐका. मी कापडाचा व्यापारी. यंत्रमागवाल्याला मी ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर माझा खर्च उडणार. पुढे ज्याला माल विकतो तो मला १२० दिवसांनी देणार आणि व्यापारी म्हणून मला या कायद्याचं संरक्षण नाही! मधल्या अडीच महिन्यांचे पैसे मी कुठून आणू? गेल्या मार्चमध्ये माझ्याकडे तीन गठ्ठे कापड परत आलं, "एप्रिलमध्ये पुन्हा बिल करा" अशा चिठ्ठीसकट. उधारीवर चालणारा बाजार एका पोटकलमाने रोखीवर येत नसतो.

लेथवाला भोसरी
म्हणजे तुमची उधारी यंत्रमागवाल्याने सोसायची? त्याने कामगाराला शनिवारी पगार द्यायचा की "पार्टीकडून आले की देतो" म्हणायचं?

सूतगाठ इचलकरंजी
मी असं म्हटलं नाही. शब्द तोंडात घालू नका. चाळीस वर्षांचे संबंध आहेत आमचे मागवाल्यांशी, अडीनडीला आगाऊही दिलेत. तुमच्या कंपनीवाल्यांचा राग आमच्यावर काढू नका.

लेथवाला भोसरी
आगाऊ दिल्याचं सगळ्यांना सांगतात, थकवल्याचं कुणी सांगत नाही.

पिशवीग्रस्त सीए
भांडा, पण माहिती नीट घेऊन भांडा. खर्च कायमचा उडत नाही, ज्या वर्षी पेमेंट कराल त्या वर्षी मिळतो. लेखी करार नसेल तर मुदत ४५ नव्हे, १५ दिवसांचीच. करार असला तरी ४५ च्या वर नाही. ३१ मार्चला द्यायचं बाकी पण मुदतीत असलेलं बिल यात येत नाही. मध्यम उद्योगाची बिलंही येत नाहीत. म्हणून हे मार्चचं काम: क्रेडिटर्सची, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांची, यादी काढा, कोणाचं उद्यम आहे आणि सूक्ष्म-लघु की मध्यम ते विचारा, पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पेमेंटची अट आहे का बघा. शिवाय उशिराचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आहे आणि त्याची वजावट मिळत नाही.

सूतगाठ इचलकरंजी
"पुढच्या वर्षी मिळतो" हे छान आहे. टॅक्स मात्र यंदा रोख भरायचा. तुमची फीसुद्धा पुढच्या वर्षी चालेल का?

लेथवाला भोसरी
आणि ते तिप्पट व्याज मागून दाखवा एकदा. मी मागेन ती माझी शेवटची ऑर्डर.

कच्चीवही
मंडळी, धागा ॲडव्हान्स टॅक्सचा होता.

टॅली अकरा वर्षं
होता.

उसनवार
मग मी मूळ प्रश्नावर येतो. माझी उलाढाल १ कोटी ४० लाख, सगळी बँकेतून, ४४ एडी. मी १५ मार्चला कधीच काही भरत नाही, जुलैत रिटर्नबरोबर भरतो. काय बिघडतं?

पिशवीग्रस्त सीए
सगळी बँकेतून, म्हणून सहा टक्क्यांनी नफा ८ लाख ४० हजार. नव्या पद्धतीने टॅक्स ३४,०००, सेस धरून ३५,३६०. ४४ एडीवाल्याला चार हप्ते नाहीत, सगळी रक्कम १५ मार्चला. नाही भरली तर कलम २३४ सी खाली एक टक्का व्याज, ३५३ रुपये. मग एप्रिलपासून २३४ बी, महिन्याला एक टक्का. जुलैपर्यंत १,४१२. एकूण १,७६५.

उसनवार
पण बजेटमध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स माफ केला ना?

पिशवीग्रस्त सीए
ते १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला. यंदा सातच लाख. हे या आठवड्यात सतराव्यांदा सांगतोय.

उसनवार
बरं. तरी १,७६५ रुपयांत ३५ हजार साडेचार महिने वापरायला मिळतात. माझ्या सीसीचा (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचा) दर याच्याच आसपास आहे आणि तिथे तारण लागतं. इथे सरकार विनातारण देतंय. मग घाई कशाला?

पिशवीग्रस्त सीए
हिशोब दुर्दैवाने चुकीचा नाही.

कच्चीवही
साहेब, तुम्हीसुद्धा! उसनवार, एकच विचारतो. गेल्या वर्षी जुलैत ते पैसे खात्यात होते का?

उसनवार
नव्हते. साडूकडून घेतले होते. दोन टक्क्यांनी.

लेथवाला भोसरी
😂 साडू तुमचा सीए आहे का?

उसनवार
हसा. भरतो यंदा. पण १४ ला धुळवड, १५ ला शनिवार. पोर्टल चालेल का?

पिशवीग्रस्त सीए
ऑनलाइन आहे, पण शेवटच्या दिवसाची वाट कशाला बघता? चलानावर ॲडव्हान्स टॅक्सचा १०० नंबर निवडा, रिटर्नबरोबर भरायच्या टॅक्सचा ३०० नाही. असेसमेंट इयर, म्हणजे कमाईच्या पुढचं वर्ष, २०२५-२६. चुकून १५ गेलीच तर ३१ तारखेपर्यंत भरलेलंही ॲडव्हान्सच धरतात. ते ३५३ तेवढे जातील.

लेथवाला भोसरी
माझा शब्द मी मागे घेत नाही. आमच्यासाठी मार्चच खरा महिना. पण लॅपटॉप घेणार होतो, तो रद्द केला. मीही ४४ एडीतच आहे, हे या धाग्यावर कळलं. सीएला विचारलं तर म्हणे, "मागच्या चार वर्षांपासून आहात."

सूतगाठ इचलकरंजी
म्हणजे टॅक्सवर नाही, सीएवर धागा काढायला हवा होता.

उसनवार (९ मार्च)
भरले. ३५,३६०. पावतीवर असेसमेंट इयर २०२४-२५ आलंय. ठीक आहे ना?

पिशवीग्रस्त सीए
नाही. पोर्टलवर चलान दुरुस्तीची सोय आहे. वर्ष बदलायला सात दिवस मिळतात. आज रविवार आहे, मी जेवतोय.