मदत हवी आहे: ऑफिसचे आठ जण, उज्जैन, एक दिवस

अंधेरीकर: मंडळी, प्लीज लवकर सांगा, आज संध्याकाळपर्यंत तिकिटं काढायची आहेत. आठ जण आहोत. रविवारी महाकालाच्या देवळातली भस्म आरती आणि जंतरमंतर, दोन्ही एका दिवसात होईल ना? अवंतिका एक्सप्रेसला वेटिंग दाखवतंय.

दादरची_शुभदा: कुठल्या महिन्यात? परत कधी यायचं? मुंबईहून कधी निघणार?

पार्लेकर: ट्रेनच्या नादी लागू नका. इंदूरला विमान, पुढे पंचावन्न किलोमीटर टॅक्सी. मी दोनदा तसंच केलं.

बोरिवली_लोकल: आठ जणांचं विमानभाडं काढून बघा आधी. अवंतिका बोरिवलीला थांबते, तिथून चढा. आम्ही स्लीपरने जातो, सकाळी ताजेतवाने उतरतो.

पार्लेकर: वेटिंगवर ताजेतवाने कसे उतरणार?

माळवा_प्रेमी: इंदूरला गेलात तर रात्री सराफा बाजाराच्या खाऊगल्लीत भुट्टे का कीस, म्हणजे मक्याचा कीस, खाऊन या. सकाळी पोहे-जिलेबी. दुसरं काही न बघता परतलात तरी चालेल.

साधक७२: कुणाला मंगळ असेल तर तिथल्या मंगलनाथ मंदिरात भातपूजा जरूर करा.

अंधेरीकर: मंगळ कुणालाच नाही. आरतीचं सांगा ना कुणीतरी! शनिवारी हाफ डे करून रात्री निघणार, रविवारी रात्री परत.

दादरची_शुभदा: अहो, हे आधी सांगायचं ना! भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास असते. तुमची गाडी पोचेपर्यंत ती आटोपलेली असेल. शुक्रवारी रात्री निघालात तर शनिवारी शहर, रविवारी पहाटे आरती. तिचं बुकिंग आधी करावं लागतं, आठही जणांची ओळखपत्रं जवळ ठेवा.

इतिहासवेडा: देवळाची आजची वास्तू राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात उभी केली. मराठी माणसाने हे ठाऊक असूनच आत जावं. आणि वेधशाळा, म्हणजे तुमचं जंतरमंतर, दुपारी बघा. सवाई जयसिंगाने बांधलेल्या पाचांतली ती एक. तिथल्या सम्राट यंत्रापाशी, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळापाशी, पाच मिनिटं नुसते उभे राहा. भिंतीच्या सावलीची कड खुणांवरून सरकताना डोळ्यांना दिसते. मात्र ऊन हवं, ढग असले की नुसत्या भिंतीच. महिना कुठला, ते अजून सांगितलं नाहीत.

अंधेरीकर: श्रावण. सगळ्यांना तेव्हाच जमतंय. आमचे एक सीनियर या महिनाअखेर निवृत्त होतायत, भस्म आरती बघायची त्यांची फार इच्छा आहे, म्हणून तर हा घाट. आणि त्यांचे गुडघे दुखतात.

दादरची_शुभदा: मग वेधशाळा सोडा आणि शुक्रवार धरा. श्रावणात गर्दी प्रचंड, सोमवारी तर महाकालाची सवारी, म्हणजे मिरवणूक, निघते, रविवारपासूनच शहर भरू लागतं. राहायची खोली देवळाजवळच घ्या. पहाटे त्यांना लांब चालवू नका.

पार्लेकर: आणि त्यांना तरी विमानाने न्या.

बोरिवली_लोकल: हे मात्र मलाही पटतं.

अंधेरीकर: शनिवारच्या सुट्टीचं साहेबांशी बोलतो. सीनियरांचं आणि माझं विमानाचं बघतो, बाकी सहा जण अवंतिकाने. शुभदाताई, खोली दोन रात्रींची घ्यावी लागेल का, की शनिवारची एकच पुरेल?