अकरावीतल्या मुलाच्या खिशात लायटर सापडला, कसं बोलू?

उदगीरची_आई

मुलगा दहावीनंतर लातूरला आहे. नीटचा क्लास, चौघांत मिळून खोली, डबा लावलाय. दिवाळीला आला तेव्हा जीन्स धुवायला टाकताना खिशात लायटर निघाला. म्हणे, "मित्राचाय, लाइट गेली की लागतो." मोबाइलला टॉर्च असताना! त्याच्यासोबतच्या एका पोराकडून कळलं की रात्री टपरीवर सगळेच ओढतात. ह्यांच्या कानावर घातलं तर कानाखाली काढतील आणि बिऱ्हाड उचलून घरी आणतील. हे स्वतः जेवण झालं की गॅलरीत जाऊन ओढतात, ते सोडा. काय करू?

रिपीटर_२४

काकू, एवढं मनावर घेऊ नका. आठ-दहा तास अभ्यास असतो, एखादी ओढली की डोकं चालतं. निकालानंतर आपोआप सुटते.

माजी_रेक्टर

ताई, मी लातुरात मुलांचं वसतिगृह सांभाळलंय, आता निवृत्त आहे. वर ज्याने लिहिलंय ना, नेमका असाच एखादा दादा प्रत्येक खोलीत असतो. एकदा परीक्षा देऊन बसलेला, नोट्स देणारा, कुठला सर काय विचारतो ते सांगणारा. नव्या पोराला घरची आठवण येत असते, ओळख कुणाशी नसते. रात्री अभ्यासिका सुटली की हा दादा म्हणतो, "चल, चहा मारू." टपरीवर दोन कटिंग आणि एक सिगारेट, तिघांत फिरणारी. आपल्यापाशी आली की "नको" म्हणायला सोळा वर्षांच्या पोराकडे हिंमत कुठून येणार? पहिल्या झुरक्याला ठसका लागतो, सगळे हसतात, आणि तो त्यांच्यातला होऊन जातो. त्याला धुराची नाही, त्या बाकड्यावरच्या जागेची ओढ असते. निकोटिनची ओढ नंतर लागते, पण लागते.

"डोकं चालतं" म्हणतात ते असं: झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. अंमल उतरला की चिडचिड होते, पुस्तकात लक्ष लागत नाही. पुढची ओढली की ती बेचैनी थांबते, आणि पोराला वाटतं सिगारेटने एकाग्रता आली. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून या वयात सवय लवकर आणि घट्ट बसते. फुप्फुसंही वाढत असतात, ती वाढ मंदावते.

पोरं हुशार असतात हो. बोटांना वास नको म्हणून काडीच्या चिमट्यात धरून ओढतात, वर पेरूची पानं चघळतात. वास शोधत बसाल तर तेवढंच होईल.

परत बोलवू नका. लायटरचं प्रकरण तुमच्यापाशीच ठेवा आणि त्याला एवढंच विचारा, "रात्री कुणाबरोबर असतोस, काय गप्पा असतात?" बोलू द्या. आणि साहेबांना सांगायचंच असेल तर आधी गॅलरीचं बोला. बापाच्या हातात सिगारेट असताना दिलेली थप्पड पोरगं मोजत नाही.

वकील_लातूर

कायद्याचं थोडं. २००३ च्या कायद्याने अठराखालच्यांना तंबाखू विकणं गुन्हा आहे, शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत तर कुणालाच विकता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. सुट्या सिगारेटवर महाराष्ट्रात २०२० मध्ये बंदी आली, तरी टपरीवर सुटीच मिळते. त्यामुळे पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा तो चित्रासकट धोक्याचा इशारा आणि खालचा मदतीचा नंबर पोरांच्या नजरेलाच पडत नाही.

उदगीरची_आई

रेक्टर सर, परवा फोनवर विचारलं. आधी गप्प, मग म्हणाला, "आई, मी नाही गेलो तर खोलीत एकटाच राहतो." पुढे काय बोलावं ते सुचलं नाही.

माजी_रेक्टर

बोलला ना, मग झालं. टपरी बंद करायला सांगू नका, चहा तिथेच घेऊ दे, सिगारेट फिरत आली की पुढे सरकवू दे. त्याला म्हणावं, "मला चालत नाही, दम लागतो" एवढं पुरतं, पोरं दोन-तीन दिवस चिडवतात आणि विसरतात. खोलीतल्या चौघांत अजून एक नाखूश असतोच, तो कोण ते त्याला हेरायला सांगा. स्वतःहून सोडतो म्हणाला तर १८००-११-२३५६ वर फुकट समुपदेशन मिळतं. पहिले दोन-तीन दिवस जड जातात, तेव्हा सराव परीक्षा नको. रविवारी डबा घेऊन तुम्हीच जा, चौघांना पुरेल एवढा.