कच्छमधले छोटे धक्के आणि 'ताण निघून जातो' हा समज

उमरगेकर :
काल रणवेडा यांनी लिहिलं, 'कच्छात दोन-तीन रिश्टरचे धक्के एकामागून एक बसतायत ते बरंच आहे. जमिनीचा ताण हळूहळू निघून जातो, मोठा भूकंप टळतो.' वाचून राहवलं नाही. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ७ च्या भूकंपाइतकी ऊर्जा ३ च्या धक्क्यांनी बाहेर पडायची तर दहा लाख धक्के लागतील! १९५६ साली अंजार हादरलं, माणसं गेली. म्हणून २००१ चा भुजचा मोठा भूकंप टळला का?

रणवेडा :
गणित मान्य. पण पालघरचं काय? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले, लोक थंडीत तंबूत झोपले. मोठा भूकंप आला का? अशा बहुतेक मालिका आपोआप विरतात. लोकांना उगाच घाबरवू नका.

पाणलोट :
कोयनेचं नाव कोणी का घेत नाही? १९६७ चा धरणाजवळचा भूकंप विसरलात? धरणं बांधायची, पाणी साठवायचं आणि मग जमीन हादरली की...

उमरगेकर :
पाणलोट, रणात कुठलं आलंय कोयनेएवढं धरण? तिथे जुने भ्रंश, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगा आहेत आणि भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकताना ते दाबले जातायत. १८१९ ला तर रणात जमीन उचलली जाऊन अल्लाह बंद नावाचा बांधासारखा लांब उंचवटा तयार झाला.
रणवेडा, घाबरवत नाही हो. १९९२ ला किल्लारीतही छोटे धक्के बसत होते. माझी मावशी तिथली. रात्री फळीवरची पितळी ताटं वाजायची. आधी सगळे अंगणात झोपले, मग धक्के थांबले आणि लोक घरात गेले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास तेच माळवद तिच्या अंगावर आलं. 'ताण निघून गेला' असं तेव्हाही लोक म्हणायचे.

भिंतवाला :
मग दोष माळवदाचा! दगडमातीच्या भिंती, वर मातीचा एवढा भार. कच्छातली 'भुंगा' म्हणतात ती पारंपरिक घरं बघा, गोल भिंत, हलकं छप्पर. २००१ ला त्यातली कितीतरी टिकली.

सहावा मजला :
मातीच्या घरांचं कौतुक पुरे. तेव्हा अहमदाबादेत उंच इमारतीही कोसळल्या, खाली पार्किंगसाठी नुसते खांब ठेवलेल्या. आमच्या सोसायटीतही तळमजला तसाच. एका खांबाचं प्लास्टर पडलं तर आत काँक्रीटमध्ये बोट जाईल एवढी भोकं, सळई गंजलेली. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, 'रंग मारून देतो.' रंग!

भिंतवाला :
म्हणजे मी तेच सांगतोय ना? भार आणि बांधणी!

सहावा मजला :
नाही, तुम्ही सिमेंटलाच नावं ठेवत होता. सिमेंटचा दोष नाही. त्यात पाणी ओतणाऱ्याचा आणि डोळे मिटून सही करणाऱ्याचा आहे.

रणवेडा :
विषय कच्छचा होता, तुम्ही खांबांवर भांडताय. उमरगेकर, मावशींचं वाचून वाईट वाटलं. 'मोठा भूकंप टळतो' हे माझं वाक्य मागे घेतो. पण बहुतेक मालिका विरतात, हे तुम्हीही मान्य करा.

उमरगेकर :
करतो. विरतात. पण कुठली विरणार हे आधी सांगता येत नाही. म्हणून धक्के सुरू असतानाच भिंत तपासून घ्या, एवढंच माझं म्हणणं. मावशीच्या भिंतीला १९९२ मध्येच तडा गेला होता. शेण-मातीने लिंपून घेतला होता.