पट्ट्यावर तूर डाळ ओळखताना मॉडेल गडबडतंय, कॅमेरा बदलू का कोड?

डाळमिल_लातूर
नमस्कार मंडळी. लातूरला आमची लहानशी डाळ मिल आहे. मोठा कलर सॉर्टर (रंगावरून दाणे निवडणारं यंत्र) परवडत नाही, म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, साधा कॅमेरा आणि फोटो दाखवून घरी शिकवलेलं एआय मॉडेल असा जुगाड करायलोय. टेबलावर पसरली की खडा, टरफल, चुरी सगळं ओळखतंय. तीच डाळ सेकंदाला १ मीटर पळणाऱ्या पट्ट्यावर आली की दाणा शेवयासारखा लांबट! वर तेल लावलेल्या डाळीची चमक. पुतण्या म्हणतो, मोठं मॉडेल घेऊ. वडील म्हणतात, दोन बाया लावल्या असत्या तर एव्हाना पोतं निवडून झालं असतं.

जालनेकर
पुतण्याला थांबवा. पट्टा मिलिसेकंदाला १ मिमी सरकतो. शटर १/१०० सेकंद उघडं असेल तर फोटो होईस्तोवर दाणा १० मिमी पुढे, अन् दाणाच पाच-सहा मिमीचा. शटर १/५००० करा, ओढ ०.२ मिमीवर येईल. अंधार पडेल, म्हणून दिवा जवळ घ्या. ट्यूबलाइट नको, ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. साधा कॅमेरा ओळीओळीनं चित्र वाचतो, त्यानं पळता दाणा वाकडाही होतो. रास्पबेरी पायचाच, सगळं चित्र एकदम टिपणारा ग्लोबल शटर कॅमेरा २०२३ मध्ये आलाय. १.६ मेगापिक्सेलचा आहे, पण ३० सेंमी पट्ट्याला पुरे.

परभणीची_मास्तरीण
चमकेसाठी दिव्यावर एक पोलरायझर फिल्म (एकाच दिशेनं कंपणारा प्रकाश सोडणारी), लेन्सवर दुसरी, पहिलीला काटकोनात. प्रकाश निम्म्याहून जास्त खाते, तयारी ठेवा.

गणिताचीही एक युक्ती आहे. मूळचे नाशिकचे संशोधक रमेश रासकर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शटर सलग उघडं न ठेवता ठरावीक तालात उघडझाप केलं. सलग उघड्या शटरनं काही बारकावे कायमचे पुसतात. तालानं ते शिल्लक राहतात, मग वेग माहीत असला की हिशोब उलटा फिरवून दाणा परत उभा करता येतो. तुमच्या पट्ट्याचा वेग अन् दिशा दोन्ही ठाऊक! वर डबा झाकून एलईडीच त्या तालात लुकलुकवायचा. पण आधी जालनेकरांचं करा, त्यातच भागेल बहुतेक.

डाळमिल_लातूर
ट्रॅक्टरचा एलईडी बार बॅटरीवर जोडला, शटर १/५००० केलं. शेवया गेल्या! दाणे जरा तिरके येतात, ग्लोबल शटरचं बघतो. फिल्म मागवलीय. वडील पट्ट्याशेजारी खुर्ची टाकून सुटलेले खडे मोजायलेत. आज सकाळी १४.